रंग उडाला म्हणजे खळ पचली, असं नाही: लाळेतल्या एन्झाइमचा प्रयोग टप्प्याटप्प्याने

जानेवारीतली सकाळ. बेळगावजवळच्या खानापूर भागातली आमची प्रयोगशाळा, खिडकीच्या काचा अजून धुरकट. पहिल्या टेबलावरून आवाज आला, "बाई, ऐंशी अंशाच्या नळीत रंगच येईना बघा. सगळी खळ पचली की हो!" वही पाहिली. रंग जायला ३७ अंशांना पाच मिनिटं, ८० अंशांना शून्य मिनिटं. म्हणजे उकळायला आलेल्या पाण्यात एन्झाइम सगळ्यांत जोरात चालतं, असा पोरांचा निष्कर्ष.

मी त्याच पातेल्यातली, लाळेचा थेंबही न पडलेली खळ उचलली आणि तिच्यात आयोडीन टाकलं. तिथेही रंग नाही. नळी तशीच नळाखाली धरली. ती गार होत गेली तसा तळापासून निळा रंग चढत वर आला. टेबल गप्प.

हा प्रयोग नववी-दहावीला होतो, पीयूसीलाही (अकरावी-बारावीला) होतो, आणि दर वर्षी त्याच त्याच चार-पाच जागी फसतो. खळीत आयोडीन टाकलं की निळा रंग येतो आणि लाळेने खळ पचली की तो जातो. पण आयोडीनचा रंग जाणं ही एक गोष्ट आणि खळ पचणं ही दुसरी. पहिलीवरून दुसरी ओळखायची असेल तर तयारी आणि क्रम दोन्ही नीट लागतात. खाली त्याच क्रमाने लिहिलं आहे.

हात लावण्याआधी एवढं डोक्यात असू द्या

एन्झाइम म्हणजे पुस्तकातलं विकर. बहुतेक एन्झाइमं प्रथिनंच असतात. लाळेतलं अमायलेज स्टार्चची, म्हणजे खळीची, लांब साखळी तोडतं. साखळीतले दुवे नुसत्या पाण्यातही तुटू शकतात, पण त्यासाठी आधी ऊर्जेचा एक चढ चढावा लागतो आणि साध्या तापमानाला तो चढ फारच थोड्या रेणूंना जमतो. अमायलेज तो चढ कमी करतं. लोंड्याहून गोव्याकडे उतरणारी रेल्वे डोंगर माथ्यावरून चढत नाही, बोगद्यातून जाते. निघायचं ठिकाण तेच, पोचायचं ठिकाणही तेच. एन्झाइममुळे शेवटी काय तयार होणार ते बदलत नाही, किती लवकर होणार ते बदलतं.

हे काम होतं एन्झाइमच्या घडीत असलेल्या एका खाचेत. तिला सक्रिय स्थान म्हणतात. खळीच्या साखळीचा तुकडा त्या खाचेत बसतो, खाच त्याच्याभोवती थोडी आवळते, दुवा तुटतो, तुकडे बाहेर पडतात आणि खाच पुढच्या तुकड्याला मोकळी. एन्झाइम यात खर्च होत नाही, म्हणून थोडीशी लाळ भरपूर खळीला पुरते.

खाचेचा आकार टिकतो तो नाजूक बंधांवर. तापवलं की ते बंध सुटतात आणि घडी उलगडते. पाणी फार आंबट किंवा फार अल्कधर्मी झालं की खाचेतले विद्युतभार बदलतात. प्रथिनाची साखळी मात्र तशीच अखंड राहते. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग पुन्हा पातळ होत नाही, तसंच हे. याला डीनेचर होणं म्हणतात. वहीत "एन्झाइम मेलं" लिहू नका. ते जिवंत कधी नव्हतंच.

टप्पा १: खळ

विद्राव्य स्टार्च १ ग्रॅम घ्या. शाळेत नसेल तर आरारूट किंवा कॉर्नफ्लोअर चालेल. चमचा-दोन चमचे गार पाण्यात ते आधी कालवून गुळगुळीत करा. मग ९० मिलीलीटर उकळत्या पाण्यात ढवळत ढवळत ओता आणि दोन मिनिटं उकळू द्या. गार झाल्यावर पाणी घालून बरोबर १०० मिलीलीटर करा आणि अर्धा ग्रॅम मीठ विरघळवा.

कोरडी पूड थेट उकळत्या पाण्यात टाकली की गुठळ्या होतात. गुठळीच्या पोटात कच्चा स्टार्च राहतो आणि कच्च्या दाण्यावर अमायलेजचं फारसं चालत नाही. मग एकाच नळीतून घेतलेला एक थेंब पिवळा, पुढचा निळा, असा खेळ सुरू होतो.

मीठ चवीपुरतं नाही. अमायलेजला नीट काम करायला क्लोराइड लागतं. लाळेत ते असतं, पण आपण लाळ दहापट पातळ करतो तेव्हा तेही पातळ होतं. डिस्टिल्ड वॉटर वापरणाऱ्या शाळांत प्रयोग "मंद" चालतो आणि नळाचं पाणी वापरणाऱ्या शाळेत बरा चालतो, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

कालची खळ वापरू नका. रात्रभरात ती अंशतः थिजते, आणि उन्हाळ्यात जिवाणू तुमच्या आधीच जेवून घेतात.

तपासा: पांढऱ्या टाइलवर आयोडीनचा एक थेंब, त्यात खळीचा एक थेंब. जवळजवळ काळा वाटावा इतका गडद निळा यायला हवा. जांभळट-तांबूस आला तर ती खळ टाकून द्या.

टप्पा २: आयोडीन

इथे क्रम चुकतो. २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आधी दहा मिलीलीटर पाण्यात विरघळवा. ते पूर्ण विरघळल्यावर १ ग्रॅम आयोडीन घाला आणि हलवत राहा. सगळं विरघळलं की पाणी घालून १०० मिलीलीटर करा. नुसत्या पाण्यात आयोडीन टाकून तासभर ढवळत बसलेले मी पाहिलेत. ते तसं विरघळत नाही. द्रावण गडद रंगाच्या बाटलीत ठेवा.

टाइलवर वापरायचं द्रावण याच्या दहापट पातळ हवं, बिनदुधाच्या फिक्या चहाच्या रंगाचं. गडद आयोडीनमध्ये शेवटचा फिका तांबूस टप्पा दिसतच नाही. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन पातळ करून घेतलं तरी काम होतं.

टाइलवर एका वेळी एकच ओळ भरा. आयोडीन उडून जातं. अख्खी टाइल आधीच भरून ठेवली तर पंधराव्या मिनिटाचा थेंब पहिल्या मिनिटाच्या थेंबापेक्षा फिका झालेला असतो, आणि आपल्याला वाटतं खळ पचते आहे.

हातावर डाग पडला तर लिंबाची फोड चोळा, जातो. हा डाग जातो कसा, ते लक्षात ठेवा. आठव्या टप्प्यात ते नडणार आहे.

टप्पा ३: लाळ

चहा-नाश्ता होऊन निदान अर्धा तास झालेला असावा. तोंड स्वच्छ पाण्याने दोनदा खळखळून धुवा. जीभ टाळ्याला लावून लाळ गोळा होऊ द्या आणि छोट्या बीकरमध्ये घ्या. १ मिलीलीटर लाळेत ९ मिलीलीटर मिठाचं पाणी घाला (१०० मिलीलीटरला अर्धा ग्रॅम मीठ). ओल्या कापसातून गाळा आणि बर्फात ठेवा.

सावधान: ज्याची लाळ त्याच्याच नळ्या. तोंडाने पिपेट ओढू नका. सर्दी-खोकला असलेल्या मुलाने त्या दिवशी फक्त घड्याळ सांभाळावं.

सगळ्यांची लाळ सारखी नसते. अमायलेजच्या जनुकाच्या प्रती काहींकडे कमी, काहींकडे बऱ्याच जास्त असतात, आणि त्याप्रमाणे लाळेतलं अमायलेजही कमी-जास्त असतं. एका गटाला दोन मिनिटं आणि शेजारच्या गटाला नऊ मिनिटं लागली म्हणून कोणीच चुकलेलं नसतं. पण एका आलेखातले सगळे बिंदू एकाच माणसाच्या, एकाच वेळी पातळ केलेल्या लाळेचे हवेत. २५ अंशांना सुनीलची लाळ आणि ३७ अंशांना सविताची, असं केलं तर तुम्ही तापमान नाही, सुनील आणि सविता मोजताय.

तपासा: मुख्य प्रयोगाआधी ३७ अंशांना एक रंगीत तालीम करा. रंग जायला चार ते सहा मिनिटं लागली तर उत्तम. एका मिनिटाच्या आत गेला तर लाळ आणखी पातळ करा, कारण अर्ध्या मिनिटाच्या अंतराने थेंब घेऊन एवढा वेग मोजता येत नाही. दहा मिनिटांनंतरही गेला नाही तर ती कमी पातळ करा. हा टप्पा टाळणाऱ्यांचा अख्खा तास वाया जातो.

टप्पा ४: पाच पातेली

तापमानं घ्या: बर्फ, खोलीचं तापमान, ३७, ६० आणि उकळतं पाणी. विजेवरचा वॉटर बाथ नसला तरी अडत नाही. मोठं पातेलं घ्या, पाणी भरपूर घ्या. जितकं पाणी जास्त तितकं ते सावकाश निवतं. अर्धा अंश खाली आलं की कपभर गरम पाणी घालून ढवळायचं. आमच्याकडे यासाठी एक मुलगा नेमलेला असतो. त्याने दुसरं काही करायचं नाही.

खोलीचं तापमान "२५" असं पुस्तकातून उतरवू नका. आपल्याकडे थंडीत सकाळी प्रयोगशाळेत १९-२० अंशही असतात आणि एप्रिलच्या दुपारी ३२. थर्मामीटर बघा आणि तो आकडा लिहा.

तसंच उकळत्या पाण्याचं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी १०० अंशांना उकळत नाही, ९७ ते ९८ च्या दरम्यान उकळतं. वहीत १०० लिहिलेलं दिसलं की मला कळतं, थर्मामीटर पेटीतून बाहेर निघालेलाच नाही.

थर्मामीटर पातेल्याच्या तळाला टेकवू नका. तळाचं पाणी जास्त तापलेलं असतं. एका जादा नळीत सहा मिलीलीटर साधं पाणी भरा, तिच्यात थर्मामीटर ठेवा आणि ती नळी बाकीच्या नळ्यांशेजारी उभी करा. खळीला प्रत्यक्ष काय तापमान मिळतंय ते ती नळी सांगते.

टप्पा ५: बिनलाळेची नळी

प्रत्येक पातेल्यात तीन नळ्या जातील:

१. ५ मिलीलीटर खळ.
२. १ मिलीलीटर पातळ केलेली लाळ, वेगळ्या नळीत.
३. ५ मिलीलीटर खळ आणि १ मिलीलीटर मिठाचं पाणी. हीच बिनलाळेची नळी.

तिसरी नळी "वेळ नाही" म्हणून गाळली जाते. सुरुवातीला सांगितलेला घोळ तिच्याशिवाय पकडता आला नसता. स्टार्चची साखळी मळसूत्रासारखी वळलेली असते आणि आयोडीन त्या वळणांच्या आत शिरून बसतं, म्हणून निळा रंग दिसतो. तापवलं की आयोडीन त्या वळणांतून निसटतं आणि रंग फिटतो. गार केलं की पुन्हा आत बसतं. खळ जागच्या जागीच असते. त्यामुळे गरम नळीत थेट आयोडीन ओतायचं नाही. तिच्यातला एक थेंब गार टाइलवर आणायचा, तो क्षणात गार होतो.

नियम साधा ठेवा. बिनलाळेच्या नळीचा थेंब निळा आला नाही तर त्या पातेल्यातलं कुठलंच वाचन वहीत घ्यायचं नाही.

टप्पा ६: आधी तापमान, मग मिसळणं

सगळ्यांत मोठी चूक हीच. खळ आणि लाळ टेबलावरच एकत्र करतात आणि मग नळी पातेल्यात ठेवतात. मिसळल्या क्षणी काम सुरू झालेलं असतं. ६० अंशांच्या पातेल्यात ठेवलेली नळी ६० ला पोचायला काही मिनिटं घेते. वाटेत ती ३० वरून जाते, ३७ वरून जाते, ४५ वरून जाते, आणि तिथे अमायलेज मजेत काम उरकून घेतं. तुम्ही वहीत लिहिता "६० अंश". उकळत्या नळीत खळ पचल्याचं दिसतं त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून:

१. खळीची नळी आणि लाळेची नळी वेगवेगळ्या, पण एकाच पातेल्यात, दहा मिनिटं ठेवा.
२. टाइलवर आयोडीनच्या थेंबांची एक ओळ भरा. पहिल्या थेंबात फक्त पाणी घाला. हा तुमचा तुलनेचा थेंब.
३. लाळ खळीत ओता. त्याच क्षणी मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा. नळी एकदा हलवून लगेच पातेल्यात परत.
४. दर ३० सेकंदांनी स्वच्छ ड्रॉपरने एक थेंब काढून पुढच्या आयोडीनच्या थेंबात टाका.
५. थेंबाचा रंग तुलनेच्या थेंबासारखा दिसला की ती वेळ लिहा. खात्रीसाठी आणखी दोन थेंब घ्या.

रंग एकदम जात नाही. आधी निळा-काळा, मग जांभळा, मग तांबूस-तपकिरी आणि शेवटी आयोडीनचा स्वतःचा फिका पिवळा. मधले रंग अर्धवट तुटलेल्या साखळ्यांचे, म्हणजे डेक्स्ट्रिनचे. पुष्कळ मुलं जांभळ्यावरच थांबतात, काही तांबूसवर. कुठे थांबायचं ते एकदा ठरवा आणि पाचही पातेल्यांना तेच लावा. आमच्याकडे थांबायचा निर्णय पाचही वेळा एकाच मुलीच्या डोळ्यांनी होतो. दोघांच्या डोळ्यांत सहज मिनिटाचा फरक पडतो.

ड्रॉपर दर वेळी पाण्यात धुवा. आयोडीन लागलेलं टोक नळीत बुडालं तर त्या नळीचं पुढचं वाचन बाद.

२० मिनिटांनंतरही रंग गेला नाही तर "२० मिनिटांत रंग गेला नाही" असं लिहा. "क्रिया झाली नाही" असं लिहायचं नाही, कारण तेवढं तुम्ही पाहिलेलं नाही.

टप्पा ७: बर्फातली आणि उकळलेली नळी, उलटतपासणी

बर्फातली नळी निळी राहते, उकळत्या पाण्यातलीही निळी राहते. वहीत दोन्हींपुढे एकच उत्तर आणि परीक्षेत दोन्हींना एकच कारण, "डीनेचर झालं". यातलं अर्धं चूक आहे.

दोन्ही नळ्या काढा. उकळलेली नळी आधी गार होऊ द्या. मग दोन्ही ३७ अंशांच्या पातेल्यात ठेवा आणि पाच मिनिटांनी पुन्हा थेंब घ्यायला लागा. बर्फातल्या नळीचा रंग थोड्या वेळात जाईल. उकळलेल्या नळीचा जाणार नाही. गारठ्यात रेणूंची धावपळ मंदावते, खाचेपर्यंत तुकडे क्वचित पोचतात, पण खाच शाबूत असते. उकळल्यावर खाचच उरत नाही. एवढी पाच मिनिटं दिली तर हा फरक मुलांना पाठ करावा लागत नाही.

खळ गेली म्हणजे साखर आली, हेही दाखवायचं असेल तर ३७ अंशांच्या नळीतलं दोन मिलीलीटर द्रावण आणि तेवढंच बेनेडिक्टचं द्रावण उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. हिरवट, पिवळा, मग विटकरी रंग येतो. बिनलाळेच्या नळीचीही हीच चाचणी करा, कारण बाजारी स्टार्चमध्ये मुळातच थोडी साखर असू शकते.

टप्पा ८: पीएच बदलताना

तापमान आता ३७ वर पक्कं बांधा. बदलायचा तो फक्त पीएच, म्हणजे द्रावण किती आंबट किंवा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा. ४ मिलीलीटर खळ, २ मिलीलीटर बफर (पीएच ठरलेल्या आकड्यावर टिकवणारं द्रावण), १ मिलीलीटर लाळ. पीएच ५, ६, ६.८ आणि ८ चे बफर असले तर पुरे. लाळेच्या अमायलेजचा सगळ्यांत चांगला वेग ६.८ च्या आसपास मिळतो. मिसळल्यानंतरच्या द्रावणात पीएच पेपर बुडवून पाहा, बाटलीवरच्या आकड्यावर विसंबू नका.

बफर नसलेल्या शाळांत घरगुती आंबट आणि घरगुती सोडा येतो, आणि इथे दोन खड्डे आहेत.

पहिला, लिंबू. लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनला रंगहीन आयोडाइड करून टाकतं. हातावरचा डाग गेला तो याच कारणाने. लिंबू घातलेल्या नळीत आयोडीनचा रंग उडतो आणि वाटतं, आंबट पाण्यात अमायलेज झपाट्याने चालतंय. मी स्वतः एका वर्षी अख्ख्या वर्गाला हे उलटं शिकवून बसले होते आणि पुढच्या आठवड्यात फळ्यावर खोडावं लागलं. बेनेडिक्टने खातरजमा करू म्हटलं तर क जीवनसत्त्व तिथेही साखरेसारखाच रंग दाखवतं. आंबटपणासाठी पांढरं व्हिनेगर पातळ करून वापरा.

दुसरा, धुण्याचा सोडा. त्याचं पाणी इतकं अल्कधर्मी असतं की आयोडीन त्याच्याशीच अभिक्रिया करून बसतं आणि खळ असूनही निळा रंग येत नाही. खायचा सोडा घ्या, त्याचं पाणी ८ च्या थोडं वर असतं. त्याहून जास्त पीएच हवाच असेल तर टाइलवरच्या आयोडीनच्या थेंबात आधी व्हिनेगरचा एक थेंब टाकून ठेवा.

तपासा: प्रत्येक पीएचला बिनलाळेची नळी. लिंबू आणि सोडा, दोन्ही तिथे उघडे पडतात.

जाता जाता एक. ६.८ हा आकडा फक्त या अमायलेजचा. जठरातलं पेप्सिन २ च्या आसपास खूश असतं, स्वादुपिंडाचं ट्रिप्सिन ८ च्या आसपास. तसंच ३७ अंश हेही सगळ्या एन्झाइमांचं तापमान नाही. गरम झऱ्यांतल्या जिवाणूंची एन्झाइमं ७० अंशांच्या वरही टिकतात.

टप्पा ९: लाळ किती, खळ किती

लाळेचं प्रमाण बदलणं सोपं आहे आणि तुमच्या हाताची परीक्षाही तिथेच होते. समजा दहापट पातळ लाळेला २४० सेकंद लागले, तर वीसपट पातळ लाळेला साधारण ४८० लागायला हवेत. एन्झाइम निम्मं, वेळ दुप्पट. ४५० किंवा ५०० आलं तरी ठीक. ३०० आलं तर घड्याळ, गुठळ्या किंवा ड्रॉपर, काहीतरी चुकलंय.

खळीचं प्रमाण बदलताना मात्र हुशार मुलंही अडखळतात. खळ वाढवली की रंग जायला वेळ जास्त लागतो. "म्हणजे खळ वाढली की वेग कमी झाला!" नाही. पचवायची खळच जास्त होती. इथे वेळेवरून थेट वेग काढता येत नाही, खळीच्या प्रमाणाला वेळेने भागावं लागतं. समजा अर्धा टक्का खळीला १५० सेकंद, एक टक्क्याला २४० आणि दोन टक्क्यांना ४६० लागले. मिनिटाचा हिशेब केला तर ०.२०, ०.२५ आणि ०.२६ येतात. आधी वाढ, मग जवळजवळ सपाट.

हे सपाट होणं आपल्या भागात वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गळिताच्या हंगामात साखर कारखान्याच्या काट्यापुढे उसाचे ट्रॅक्टर लागलेले असतात. दहाच्या जागी पन्नास आले म्हणून गाळप पाचपट होत नाही. काटे तेवढेच, चरक तेवढाच. रांग लांबते, बस. सगळ्या खाचा भरलेल्या असल्या की जादा खळ रांगेत उभी राहते. वेग वाढवायचा तर काटा वाढवावा लागतो, म्हणजे एन्झाइम.

उसाचाच विषय निघाला म्हणून सांगते. तोडलेला ऊस बांधावर पडून राहिला की त्यातलं इन्व्हर्टेज हे एन्झाइम साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करत राहतं. शिळ्या उसाचा गूळ मऊ-चिकट राहतो, ढेप धरत नाही, हे गुऱ्हाळवाले ओळखून असतात. त्यामागे हेच. ऊन जितकं कडक तितकं ते लवकर होतं.

एन्झाइमला अडवणारा पदार्थ दाखवायला काहीजण मोरचूद घेतात. नका घेऊ. तांबं अमायलेजला अडवतं खरं, पण ते आयोडाइडशीही अभिक्रिया करून नवं आयोडीन मोकळं करतं आणि पांढरट साका धरतो. शिवाय मोरचूद स्वतःच निळा. त्या टाइलवर काय वाचणार?

टप्पा १०: आकडे मांडताना

आलेखात उभ्या अक्षावर वेळ घेतली तर सगळ्यांत चांगल्या तापमानाला खड्डा दिसतो आणि मुलं त्याला सगळ्यांत कमी क्रिया म्हणतात. वेग काढा: १००० भागिले सेकंद. ३७ अंशांना २४० सेकंद म्हणजे ४.२. २५ अंशांना ५४० सेकंद म्हणजे १.९. बारा अंशांत वेग दुपटीच्या थोडा वर. दर दहा अंशांना साधारण दुप्पट, हा ढोबळ नियम इथवर जुळतो. ४५-५० च्या पुढे तो लावायला जाऊ नका, तिथे घडी सुटायला लागलेली असते. रंग न गेलेल्या नळीचा वेग शून्य धरून बिंदू काढा आणि खाली टीप द्या.

पाच बिंदू जोडताना पट्टी वापरू नका. आणि शिखर बरोबर ३७ वर आलंच पाहिजे म्हणून रेघ ओढून तिथे नेऊ नका. तुम्ही फक्त ३७ आणि ६० मोजलंत, मधलं मोजलेलं नाही. काही मिनिटांच्या प्रयोगात शिखर ४० च्या वरही येऊ शकतं, कारण तेवढ्या वेळात सगळी घडी उलगडून होत नाही. वेळ असेल तर ४५ चं सहावं पातेलं लावा.

आवराआवर

लाळ लागलेल्या नळ्या, ड्रॉपर आणि बीकर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, मग साबणाने धुवा. टाइलवरचं आयोडीन मोरीत ओतण्याआधी उरलेल्या लिंबाचे चार थेंब त्यावर पिळा. रंग उडाला की पाणी सोडा. मोरीला डाग पडत नाही आणि शिपाईमामांची बोलणीही खावी लागत नाहीत.